टॉप बॉक्स घेताय? लिटरआधी किलो बघा

यवतमाळच्या दुचाकीस्वाराला लांबचे रस्ते दारातच आहेत. नागपूर-तुळजापूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, उमरखेड असा जिल्ह्याला आडवा कापत जातो. तिकडे पांढरकवड्यावरून ४४ क्रमांकाचा महामार्ग पाटणबोरीमार्गे पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. माहूरची रेणुकामाता, अमरावतीपलीकडचं चिखलदरा, लोणारचं सरोवर ही ठिकाणं सकाळी निघून गाठता येतात. अशा फेऱ्यांसाठी गाडीच्या मागे कुलूपबंद डबा, म्हणजे टॉप बॉक्स, बसवून घेणारे आता बरेच दिसतात. सोय मोठी आहे. पण निवडताना आणि बसवताना ऐकीव गोष्टींवर विसंबलं, तर हीच सोय गाडीचा तोल बिघडवते. म्हणून नेहमी कानावर येणारे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : डबा ५० लिटरचा आहे, म्हणजे भरपूर सामान नेता येईल.

वस्तुस्थिती : लिटर हे जागेचं माप आहे, वजनाचं नाही. ५० लिटरच्या डब्यात नुसतं पाणी भरलं तर ५० किलो होईल. तेवढं वजन पेलणारा टॉप बॉक्स बाजारात नाही. 'जिवी' ही १९७८ मध्ये जुझेप्पे विझेन्त्सी या माजी रेसरने इटलीत सुरू केलेली या क्षेत्रातली नावाजलेली कंपनी. तिच्या 'मोनोकी' या दणकट पद्धतीच्या टॉप बॉक्सलाही सामानाची मर्यादा १० किलोच आहे. लहान डब्यांची याहून कमी असते.

शिवाय मर्यादा एकच नसते. डब्याची वेगळी, खालच्या बेस प्लेटची वेगळी, रॅकची वेगळी. यातली जी सगळ्यात कमी, ती तुमची खरी मर्यादा. कंपनीने दिलेल्या रॅकचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा रॅकवरच्या स्टिकरवर सापडतो. समजा रॅक ७ किलोचा आहे. डबा आणि प्लेट मिळून साडेचार किलो गेले, तर सामानाला उरले अडीच किलो. म्हणजे रेनकोट, एक स्वेटर आणि डबा-पाणी. मोठा डबा हवाच असेल तर आधी तो पेलणारा रॅक शोधा, मग डबा.

आकार ठरवण्याची सोपी कसोटी हेल्मेटची. पूर्ण चेहरा झाकणारं एक हेल्मेट ठेवायला ३० ते ३५ लिटर लागतात, दोन ठेवायला ४५ ते ५०. तरी दुकानात जाताना स्वतःचं हेल्मेट सोबत न्या आणि झाकण लावून पाहा. लिटर पुरेसे असले तरी उंची कमी पडते आणि झाकण हेल्मेटवर अडतं.

गैरसमज : सामान मागे ठेवलं काय नि बाजूला ठेवलं काय, वजन तेवढंच.

वस्तुस्थिती : वजन तेवढंच, परिणाम वेगळा. टॉप बॉक्स गाडीवरची सगळ्यात उंच आणि सगळ्यात मागची जागा पकडतो. त्याचा मध्य बहुधा मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जातो.

हिशेब करून पाहू. बजाजच्या डॉमिनार ४०० च्या दोन चाकांमधलं अंतर १४५३ मिलिमीटर आहे. डबा आणि सामान मिळून १४ किलो झालं आणि त्याचा मध्य मागच्या आसापासून ३०० मिलिमीटर मागे आला असं धरू. मग पुढच्या चाकावरचा भार जवळपास ३ किलोने कमी होतो आणि मागच्यावर सुमारे १७ किलो वाढतात. हँडल आणि पुढचा ब्रेक ज्या चाकाच्या भरवशावर, तेच चाक हलकं झालं. मागे दुसरा माणूस बसला की एकूण वजनातला त्याचा वाटा आणखी घटतो. घाटाच्या चढावर वळताना हँडल बोथट लागतं, मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की गाडी डोलायला लागते. पैनगंगेच्या पुलावर आडवा वारा लागतो किंवा समोरून ट्रक सणाणून जातो, तेव्हा उंचावरच्या डब्याचं शीड होतं.

उपाय साधा आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, साखळीचं कुलूप, पाण्याच्या बाटल्या, सॅडल बॅगेत किंवा साइड बॉक्समध्ये खाली आणि पुढे ठेवा, दोन्ही बाजूंना सारख्या. टॉप बॉक्समध्ये जागा खाणारं पण हलकं सामान टाका. प्लेट बसवताना डबा जितका पुढे घेता येईल तितका घ्या, मात्र मागे बसणाऱ्याची जागा न खाता.

गैरसमज : वेल्डिंगवाल्याकडून जाड अँगलचा रॅक करून घेतला की आयुष्यभराची चिंता मिटली.

वस्तुस्थिती : जाड लोखंडाचं स्वतःचं वजन त्याच मर्यादेत मोजावं लागतं. खड्ड्यातला दणका ताठ रॅक स्वतः जिरवत नाही, तो सबफ्रेमला, म्हणजे सीटखालच्या सांगाड्याला, देतो. सबफ्रेमलाच वेल्डिंग केलं तर उष्णतेने सांध्याच्या कडेचं लोखंड कमजोर होतं आणि भेग तिथूनच जाते. वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. आपल्या मॉडेलसाठी बनवलेला, सबफ्रेमच्या मूळ छिद्रांवर नट-बोल्टने बसणारा रॅक घ्या. मागचा मडगार्ड किंवा शेपटाचं प्लास्टिक भोकं पाडून डबा पेलण्यासाठी केलेलं नसतं.

गैरसमज : बोल्ट कचकचून आवळले की काम झालं.

वस्तुस्थिती : रॅकची पट्टी मध्ये आली की ग्रॅब रेलचा मूळ बोल्ट तेवढाच आखूड पडतो. वरून घट्ट वाटतो, पण आत दोन-तीन आटेच धरलेले असतात. ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर किमान ८ मिलिमीटर आटे आत गेलेच पाहिजेत, म्हणून लांब बोल्ट लागतो. त्याच्या डोक्यावर ८.८ हा दर्जा कोरलेला पाहून घ्या. फार आवळलं तर आटे जातात, म्हणून पुस्तिकेतला टॉर्क पाळा. जिथे नट लागतो तिथे नायलॉनचं कडं असलेला लॉकनट वापरा, आणि तो बरेचदा काढघाल झालेला नसावा. युनिव्हर्सल प्लेट असेल तर तिच्या चारही पकडी रॅकच्या नळ्यांवर एकमेकींपासून शक्य तितक्या दूर ठेवा. जवळजवळ बसवल्या तर डबा डुगडुगतो.

सगळं बसल्यावर प्रत्येक नटावरून बोल्टावर जाईल अशी रंगाची एक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावता चूक सापडते. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. रबर आणि प्लास्टिक दबून बसलेलं असतं, तेवढी ढिलाई येतेच. बोल्टाभोवती चकचकीत घासल्याची खूण किंवा काळी पूड दिसली तर तिथे हालचाल होते आहे असं समजा.

गैरसमज : अॅल्युमिनियमचाच डबा चांगला, प्लास्टिकचा तकलादू.

वस्तुस्थिती : दोन्हींचे गुण वेगळे. चांगलं प्लास्टिक हलका मार वाकून सोसतं, जोराच्या माराने तडकतं. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, आणि तो कडेला आला तर झाकण नीट बसत नाही, पाणी शिरतं. पण पोचा ठोकून बराचसा काढता येतो. आतून रंग किंवा अस्तर नसलेल्या अॅल्युमिनियमला कपडे घासले की काळे डाग पडतात, तेव्हा आत कापडी पिशवी हवी. डांबरी रस्त्यावरच्या प्रवासाला प्लास्टिकचा डबा पुरतो. कच्च्या रस्त्यावर वारंवार जाणाऱ्याने अॅल्युमिनियमचा विचार करावा.

गैरसमज : आत ठेवलं की ऊन-पावसाची काळजी नाही.

वस्तुस्थिती : पाऊस सरळ पडत असताना डबा कोरडा राहतो. मात्र चालत्या गाडीवर मागून उडणारं पाणी सांध्यावर जोराने आदळतं आणि रबरी पट्टीत धूळ बसली असेल तर वाट काढतं. पट्टी ओल्या कापडाने पुसत जा, कागदपत्रं आणि फोन वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा.

आपल्याकडे उन्हाचा धोका पावसाहून मोठा आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या काळ्या डब्याच्या आत त्याहूनही जास्त तापतं. बहुतेक स्प्रेच्या डब्यांवर ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवू नये अशी सूचना असते. पॉवर बँक, इन्सुलिन, लायटर यांतलं काहीही तिथे ठेवू नका. बाटलीतलं पेट्रोल तर कधीच नाही. बंद डब्यात त्याची वाफ साठते.

गैरसमज : मागच्याला टेकायला आयतीच पाठ मिळाली.

वस्तुस्थिती : पाठीला लावायचं पॅड मिळतं ते ओझरत्या आधारासाठी. माणूस पूर्ण रेलून बसला की प्रत्येक गतिरोधकावर त्याच्या अंगाचा धक्का डब्याच्या लॅचवर येतो. गाडी वेग घेताना त्याने डबा नव्हे, ग्रॅब रेल धरावी.

गैरसमज : डबा बसवणंच बेकायदा आहे. / डब्याला कायदा विचारत नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दुचाकीवरच्या हलक्या डब्याबद्दल नियम घातले. लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत हवी. डबा मागच्या सीटच्या जागेवर असेल तर फक्त चालकालाच परवानगी, त्या जागेच्या मागे असेल तर दोघांना. एकूण वजनही गाडीच्या मंजूर मर्यादेतच हवं. मोठ्या टॉप बॉक्सपैकी काहींची रुंदी ५१० च्या पुढे जाते, तेव्हा पैसे देण्याआधी टेप लावा. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर झाकले जात नाहीत ना, तेही पाहा.

गैरसमज : डबा बसला, आता बाकी काही बदलायला नको.

वस्तुस्थिती : मागचं वजन वाढलं की मागचा शॉकअप दबतो. पुस्तिकेत भरल्या गाडीसाठी टायरच्या हवेचा आणि शॉकअपच्या प्रीलोडचा वेगळा आकडा असतो, तो लावा. मग हेडलाइट तपासा. शेपूट खाली गेलं की झोत वर जातो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला जवळचा रस्ता दिसत नाही. कापसाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या बैलगाड्या आणि शेतातून रस्त्यावर येणारे रोही, रानडुकरं त्याच जवळच्या पट्ट्यात असतात. वेगालाही आवर हवा. 'जिवी' आपल्या डब्यांसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा सांगते. आपल्या रस्त्यांवर भरल्या डब्यासह त्याच्या बऱ्याच खाली राहणं शहाणपणाचं.

निघण्याच्या आदल्या दिवशी डबा नेणार तसाच भरा आणि घरच्या वजनकाट्यावर ठेवा. मर्यादेपेक्षा जास्त भरला तर सामान काढा. मग मागे बसणाऱ्याला घेऊन ओळखीच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर जाऊन या. परत आल्यावर डबा दोन्ही हातांनी धरून हलवा. डब्याबरोबर अख्खी गाडी हलली तर बसवणी पक्की आहे. नुसता डबा हलला तर आधी ढिला नट शोधा, मगच प्रवासाला निघा.