वारस, सल्लागार आणि हमी : पैशाच्या इंग्रजीतले ओळखीचे वाटणारे शब्द

(कान्हे, ता. मावळ येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय पैशाचा आहे, पण कुठला शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला तो अधिकारही नाही. आपण आज बोलणार आहोत ते शब्दांबद्दल. गुंतवणुकीचं इंग्रजी आता आपल्या घरात आलंय. म्युच्युअल फंडाचा फॉर्म येतो, विम्याचं माहितीपत्रक येतं, मोबाइलवर बँकेचा निरोप येतो. त्यात लिक्विडिटी, व्होलाटिलिटी, फिड्युशिअरी असे शब्द असतात आणि आपल्याला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हे कळत नाही.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. अवघड दिसणाऱ्या शब्दापाशी माणूस थांबतो, कुणाला तरी विचारतो. त्यामुळे त्याचं फारसं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ‘हा तर मला माहीत आहे’ असं वाटायला लावणाऱ्या शब्दामुळे.

मावळात तर हे फारच लक्षात ठेवायला हवं. कान्हे, साते, जांभूळ, नायगाव, या पट्ट्यात जमिनीची भाषा माणसाला तोंडपाठ असते. सातबारा, आठ-अ, फेरफार, कूळ, वारसनोंद. तलाठ्याच्या दप्तरात कुठे काय लिहिलंय हे न शिकलेल्या म्हातारीलाही कळतं. पण जमीन विकली, तिचा पैसा झाला आणि पैशाचे पुन्हा कागद झाले, की तोच जाणता माणूस परक्या भाषेखाली मुकाट सही करतो.

जे शब्द आपल्याकडे आहेतच

आधी भीती घालवू या. लिक्विडिटी घ्या. पुस्तकात त्याला ‘तरलता’ म्हणतात. तरलता म्हटलं की कविता आठवते, पैसा आठवत नाही! पण घरात आपण काय म्हणतो? ‘पैसा अडकलाय’, ‘हातात खेळता पैसा नाही’. आणि विकून रोकड करायला क्रियापद आहे ‘मोडणे’. एफडी मोडली, सोनं मोडलं. लिक्विडिटी म्हणजे एवढंच : वस्तू किती लवकर मोडता येते आणि मोडताना किती तुटतं. रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांची किंमत मोठी, पण दवाखान्याचं बिल उद्या भरायचं असेल तर ते दहा गुंठे उद्या मोडत नाहीत. श्रीमंती आहे, लिक्विडिटी नाही.

व्होलाटिलिटीच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘उडणे’ हे क्रियापद आहे. भाव वरखाली होत राहणं म्हणजे व्होलाटिलिटी. रिस्क म्हणजे जोखीम, आणि ती वेगळी गोष्ट आहे. इंद्रायणी तांदळाचा भाव यंदा पडला, पुढच्या वर्षी चढला, हा चढउतार झाला. खाचरच हातचं गेलं, ही जोखीम. जाहिराती कधी चढउतारालाच जोखीम म्हणतात, कधी खऱ्या जोखमीला नुसता चढउतार म्हणून झाकतात. हा फरक डोक्यात ठेवा.

कंपाउंडिंग म्हणजे चक्रवाढ. इथे मात्र इतिहास आहे. इंग्रजी पुस्तकं कंपाउंडिंगचं कौतुक करतात, कारण ती पैसे देणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेली असतात. आपल्याकडे चक्रवाढ हा शब्द रुजला तो घेणाऱ्याच्या बाजूनं, सावकाराच्या वहीतून. याच पुणे जिल्ह्यात सुप्याला मे 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आठ टक्क्यांनी पैसा साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतो, अठरा वर्षांत चौपट. ठेवीला जे गणित, तेच कर्जाला. आणि महागाई सहा टक्के धरली, तर उशाखाली ठेवलेल्या नोटेची किंमत बारा वर्षांत निम्मी. गणित एकच, तुम्ही त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात एवढाच प्रश्न.

याच संदर्भात एका मराठी शब्दाची गंमत पाहा. दामदुप्पट. जुन्या हिंदू कायद्यात हा ऋणकोच्या रक्षणाचा नियम होता : व्याज साचून कितीही झालं, तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. मुंबई इलाख्यातली न्यायालयं तो पाळत. आज वर्तमानपत्रात हा शब्द कुठे दिसतो? ‘दामदुप्पट परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक’. गरिबाची ढाल असलेला शब्द गळाला लावायचं गांडूळ झाला. शब्द तोच राहतो आणि अर्थ पाठीमागून बदलतो, तो असा.

फंड या शब्दाचंही तेच. इथून पुण्याकडे दोन स्टेशनं गेलं की तळेगाव. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी पैसा-पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. ज्यानं पैसा दिला त्यानं तो देशासाठी दिला, परताव्यासाठी नाही. म्युच्युअल फंडात तुम्ही वर्गणीदार नसता, त्या साठ्यातल्या हिश्शाचे मालक असता. फंड म्हणजे नुसता साठा. त्यावर हक्क कुणाचा, हे त्या शब्दात लिहिलेलं नसतं. ते वेगळं विचारावं लागतं.

हमी कशाची?

आता खऱ्या फसव्या शब्दांकडे येऊ. पहिला, ‘सम ॲश्युअर्ड’. कानाला वाटतं, खात्रीनं मिळणारी रक्कम. हमी आहे, पण एका ठरावीक रकमेची, ठरावीक घटना घडली तर, आणि हप्ते चालू असतील तर. पैसा अमुक दरानं वाढेल, ही हमी त्यात नाही. विम्याच्या माहितीपत्रकात पुष्कळदा एक तक्ता असतो, चार टक्के आणि आठ टक्के असे दोन रकाने. हे दर गृहीत धरलेले असतात. म्हणजे किमान चार आणि कमाल आठ, असंही नाही. बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. विकणारा बोट ठेवतो ते आठच्या रकान्यावर!

दुसरा शब्द अगदी आपला, ‘ठेव’. बँकेत ठेवली तरी ठेव, पतसंस्थेत ठेवली तरी ठेव. पण बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. फेब्रुवारी 2020 पासून, एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, कितीतरी चांगल्या चालतात. एवढंच म्हणतो, की एकाच शब्दाखाली दोन वेगळे करार आहेत.

सल्ला कुणाच्या बाजूचा?

फिड्युशिअरी हा शब्द लॅटिनमधल्या विश्वासवाचक शब्दावरून आला. आपला शब्द विश्वस्त. दुसऱ्याचं हित स्वतःच्या हिताच्या आधी ठेवायला जो कायद्यानं बांधलेला आहे, तो. सेबीच्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार असा बांधलेला असतो. वितरकाचं तसं नाही. त्याला फंड कंपनीकडून कमिशन मिळतं, आणि ते फिरून तुमच्याच पैशातून जातं. म्हणून जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचे ‘रेग्युलर’ आणि ‘डायरेक्ट’ असे दोन प्रकार झाले.

मराठीत मात्र विकणाराही सल्लागार आणि बांधलेलाही सल्लागार. विमा विकणाऱ्याच्या कार्डावरसुद्धा ‘विमा सल्लागार’ असं असतं. तो प्रामाणिक असू शकतो, बहुतेक वेळा शेजारचा, नात्यातलाच असतो. पण दुकानदार आणि वैद्य यांना एकच नाव दिलं, तर रोग्यानं काय करायचं? सरळ विचारा : ‘भाऊ, यात तुम्हाला कोण पैसे देतं?’ यात अपमान काहीच नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

आता आजचा मुख्य शब्द. बँकेत जा, काउंटरवर विचारतात, ‘वारस कोण लावलाय?’ छापील मराठीत ‘नामनिर्देशन’ असतं, पण बोलताना वारसच. आपल्याला वारस शब्द कळतो तो वारसनोंदीवरून. म्हणून मुलाचं नाव लावलं की वडील म्हणतात, झालं, आता हे त्याचं.

तसं नाही. नॉमिनी म्हणजे बँकेनं किंवा कंपनीनं पैसे कुणाच्या हाती द्यावेत, एवढ्यापुरता नेमलेला माणूस. त्याला पैसे दिले की संस्था मोकळी होते. पैशाचा मालक कोण, हे मृत्युपत्र ठरवतं आणि ते नसेल तर वारसा कायदा. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे 1984 मध्ये सांगितलं, बँक ठेवींबाबत 2010 मध्ये.

शेअर्सच्या बाबतीत मात्र एका इंग्रजी शब्दानं घोळ घातला. कंपनी कायद्यात म्हटलं होतं, की धारकाच्या मृत्यूनंतर शेअर्स नॉमिनीमध्ये ‘व्हेस्ट’ होतात. 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं. नवरा वारला होता, शेअर्सवर नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव होतं, बायको म्हणत होती हे माझे. एकल न्यायमूर्तींनी ‘व्हेस्ट’चा अर्थ मालकी असा घेतला आणि निकाल पुतण्याच्या बाजूनं गेला. एका क्रियापदाच्या अर्थावर विधवेचा हक्क उभा होता, मंडळी! पुढे कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या खटल्यात हाच प्रश्न पुन्हा आला. 2016 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इथे ‘व्हेस्ट’ म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी मालक होत नाही, वारसा कायदा बाजूला सरत नाही.

‘व्हेस्ट’ कुठून आला? लॅटिनमध्ये कपडे घालणे, यावरून. ‘इन्व्हेस्ट’ही तिथलाच. आपल्या ‘वस्त्र’ शब्दाचं आणि त्याचं मूळ एकच. आणि आपल्याकडे हा प्रयोग जसाच्या तसा होता. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना शाहू छत्रपतींकडून पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. वस्त्रं मिळाली म्हणजे कारभार हाती आला. राज्य छत्रपतींचंच. तुम्ही म्हणाल, सर, पुढे पेशवेच धनी होऊन बसले की! अगदी बरोबर. नॉमिनीवरून घरात भांडणं होतात, तीही याच जागी.

संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत याचा सुंदर विचार आहे. ब्राह्मणाला गाय देणे आणि धोब्याला कपडे देणे, दोन्हीकडे क्रियापद ‘देणे’च. पण काही वैयाकरण म्हणतात, धोब्याच्या बाबतीत हे खरं दान नव्हे, कारण कपड्यावरची मालकी आपण सोडलेली नाही. म्हणून तिथे चतुर्थी विभक्ती नको. नॉमिनीला दिलेला पैसा हा धोब्याला दिलेला कपडा आहे.

मग करायचं काय?

समोर एक बाई विचारताहेत : ‘मग नॉमिनी लावायचाच नाही का?’ लावायचा, ताई, जरूर लावायचा. नाही तर घरच्यांना कोर्टाचे कागद गोळा करत फिरावं लागतं. पण नॉमिनीवर थांबायचं नाही. मृत्युपत्र करायचं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. सही करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे साक्षीदार घ्यावेत. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा असतो, लग्न झालेल्या मुलीलासुद्धा. मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावल्यानं तिचा वाटा जात नाही. हे मुलींनीही ऐकून ठेवावं.

एक बारकावा सांगतो. विमा कायद्यात 2015 मध्ये ‘बेनिफिशियल नॉमिनी’ ही कल्पना आली. आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना रकमेवर स्वतःचा हक्क मिळावा, असा तिचा रोख. तो हक्क किती दूर जातो, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. तेव्हा तिथेही मृत्युपत्र आणि नॉमिनी एकमेकांशी जुळते ठेवा.

बाकी शब्दांसाठी शाळेतली विभक्तीच पुरे. पैशाचा कुठलाही शब्द आला, की त्याचं एक पूर्ण मराठी वाक्य करा. कोण, कुणाला, काय, कधी आणि कुठल्या अटीवर देणार? ‘ॲश्युअर्ड’ म्हटलं, तर हमी देणारा कर्ता कोण? ‘नॉमिनी’ म्हटलं, तर त्याला देणं हे दान की सांभाळायला देणं? वाक्य पुरं होत नसेल, तर तो अर्थ अजून तुम्हाला कुणी सांगितलेला नाही. तो सांगून होईपर्यंत सही करायची नाही.

आज घरी गेल्यावर पासबुकं, पॉलिस्या, फंडाचे कागद काढा आणि नॉमिनीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा. कुणाच्या कागदावर वारलेल्या माणसाचं नाव असेल, कुणाच्या कागदावर लग्नाआधी लावलेलं भावाचं. जो बदल करायचा तो करा, आणि बायकोला, मुलांना समोर बसवून सांगा, नाव कुणाचं आहे आणि पैसा कुणाचा आहे.