संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

एसटीत ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरं आपण लहानपणापासून वाचत आलो. ती खिडकी उघडायची कशी, हे बीडच्या बसस्थानकावर दहा जणांना विचारून पाहा. वाचलेली वाट पायाखालची नसेल तर ऐनवेळी सापडत नाही.

20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबच्या आगीत 100 जण गेले. दारं आणखीही होती. पण बहुतेक लोक ज्या दाराने आत आले, त्याच दाराकडे धावले आणि तिथेच चेंगरले. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या आवारात आग लागली. 14 जण दगावले. त्यातले बरेचसे आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले आणि धुराने गुदमरले.

घाबरलेलं माणूस ओळखीची वाट धरतं. त्यात धूर आधी छताखाली साचतो, म्हणजे दारावरची पाटीच पहिल्यांदा दिसेनाशी होते. म्हणून जमिनीलगतही अंधारात चमकणारे पट्टे हवेत. पाटी हिरवी, कारण मंद उजेडात डोळ्याला हिरवा रंग लाल रंगापेक्षा चांगला दिसतो. तिच्यावरचा धावणारा माणूस जपानच्या युकिओ ओटा यांच्या आराखड्यातून आला. अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळतो.

आता लग्नसराईत आपल्या एखाद्या मंगल कार्यालयात नजर टाका. बाजूच्या दारावर मंडपाचा झालरीचा पडदा, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, कडीला कुलूप आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात. गर्दीच्या सभागृहाचं दार किमान 2 मीटर रुंद असावं आणि बाहेर उघडावं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आत उघडणारं दार मागून रेटा आला की चौकटीतच दाबलं जातं. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला मालकाने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. पण दाखला फाइलीत आणि दार कुलपात, असं असेल तर त्याचा उपयोग काय?

उपाय साधा आहे: संकटाचं दार रोजच्या वापरात आणा. पंगत उठली की पाहुण्यांना त्याच दाराने सोडा. क्लासची मुलं एक दिवसाआड मागच्या जिन्याने उतरवा. पायांना वाट माहीत झाली की धुरातही ती सापडते.

पुढच्या लग्नात अक्षता हातात घेण्याआधी दुसरं दार कुठे आहे ते बघा. कुलूप दिसलं तर तिथल्या तिथे काढायला लावा.