खाजणाच्या हिशेबातली बाकी

खाजणातले गवत उगवते, वाळते, कुजते आणि भरती-ओहोटीचे पाणी दिवसातून दोनदा त्यातून फिरते. यातले किती कर्ब आणि नत्र समुद्राला मिळते आणि किती चिखलात मुरते? अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सपेलो बेटावरच्या खाजणाचा असा ताळेबंद, पण ऊर्जेच्या हिशेबात, जॉन टील यांनी १९६२ साली मांडला. गवतापासून तयार होणाऱ्या अन्नापैकी सुमारे ४५ टक्के पाण्याबरोबर खाडीत जाते, असे त्यात निघाले. मात्र ते ओहोटीच्या पाण्यात मोजलेले नव्हते. एकूण उत्पादनातून तिथल्या जीवांनी वापरलेला भाग वजा केला आणि उरलेली बाकी वाहून गेली असे धरले. याच विचारातून पुढे यूजीन ओडम यांनी खाजणे किनाऱ्यालगतच्या पाण्याला पोसतात अशी मांडणी केली आणि ती फार लोकप्रिय झाली. वजाबाकीत एखादा खर्च राहून गेला, तर बाकी आपोआप फुगते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

तो खर्च चिखलातच होता. चिखलात प्राणवायू जवळपास नसतो. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून मेलेली मुळे कुजवतात. (खाजणाला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो यामुळेच.) ही कुजण्याची वाट किती मोठी आहे, हे १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या खाजणात रॉबर्ट हॉवर्थ आणि स्वतः टील यांनीच दाखवून दिले. पुढच्याच वर्षी स्कॉट निक्सन यांनी तोवरची मोजमापे एकत्र तपासली, तेव्हा किती बाहेर जाते याचे उत्तर खाजणागणिक वेगळे निघाले.

मग असे ताळेबंदाचे मॉडेल कशाला, थेट मोजा, असे कोणी म्हणेल. पण आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी प्रचंड असते, त्यातला फरक मात्र लहान. मोजणीतली थोडी चूकही तो गिळून टाकते. मॉडेलात प्रत्येक नोंद दुसरीशी जुळावी लागते, त्यामुळे चूक कुठे असू शकते ते तरी कळते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जे मॉडेलात घातलेच नाही, ते त्यातून निघणार कसे? मॅसॅच्युसेट्समधल्याच प्लम आयलंडच्या खाडीत लिंडा डीगन आणि सहकाऱ्यांनी नऊ वर्षे पाण्यात खत सोडले. गवत वर वाढले, पण माती धरणारी मुळे कमी झाली आणि ओहोळांचे काठ ढासळले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष नुसत्या नत्राच्या जमाखर्चातून निघाला नसता. म्हणून खाजणाबद्दलचा कोणताही आकडा पुढे आला, की त्यातली कोणती नोंद मोजलेली आणि कोणती नुसती धरलेली, हे आधी विचारा.