आकृती काढा, नावे द्या... आणि थांबा!

शाळेतला तो हमखास मार्कांचा प्रश्न आठवतोय? ‘सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि शेजारच्याच्या पेपरात हळूच डोकावणं! आता हेच काम कम्प्युटर करतो, तेही चहा गार व्हायच्या आत. पण त्याला मार्क किती द्यायचे? हे बघायला आम्ही चौघं एका वीकएण्डला लॅपटॉप घेऊन थेट लोणार गाठलं.

बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाच्या कडेला जमीन अचानक संपते आणि समोर उघडतं सुमारे १८३० मीटर रुंद, जवळपास १५० मीटर खोल विवर. तळाशी खारं तळं. काठावर उभं राहून आमच्यातल्या एकाने पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘आकाशातून दगड पडला ना? मग तो दगड कुठंय?’’

प्रश्न अगदी बरोबर. आणि उत्तर शब्दांपेक्षा आकृतीनेच पटेल असं.

दिसायला झक्कास, पण...

चित्रं काढून देणाऱ्या एका एआय अ‍ॅपला फर्मान सोडलं, ‘लोणार विवर कसं तयार झालं ते समजावणारी आकृती काढ.’ काही सेकंदांत चित्र हजर! विहिरीसारखा खोल खड्डा, तळाशी लालभडक लाव्हा आणि नावांच्या जागी देवनागरीसारखी दिसणारी, पण कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. थोडक्यात, ज्वालामुखी!

चूक मोठी आहे, पण नवी नाही. १८२३मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. सगळीकडे लाव्हापासून बनलेला बेसाल्ट खडक, त्यामुळे हे ज्वालामुखीचंच काम, असं अभ्यासकांनाही बराच काळ वाटत होतं. १९७३मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये आला. प्रचंड आघाताने बनलेली काच आणि धक्का बसलेले खडक इथे सापडले होते. असा धक्का ज्वालामुखी देत नाही, अशनी देतो.

फरक इतकाच, की अभ्यासकांनी पुरावा मिळाल्यावर मत बदललं. अ‍ॅप मात्र असंख्य चित्रं ‘पाहून’ त्यांच्यासारखं नवं चित्र रचतं. आकृती दिसते कशी, हे त्याला पक्कं ठाऊक. समोरच्याला नेमकं काय कळायला हवं, याचं मात्र वांधं!

आधी हेतू, मग रेघ

गंमत म्हणजे या प्रश्नावर आधीच डोकं चालवून झालंय. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डोरी सेलिगमन आणि स्टीव्हन फायनर यांनी ‘आयबिस’ नावाची यंत्रणा मांडली. तिला चित्राचं वर्णन नाही, हेतू सांगायचा. उदाहरणार्थ, ‘रेडिओतला अमुक भाग कुठे आहे ते दाखव.’ मग कोन कुठला, प्रकाश कसा, हे ती स्वतः ठरवायची. काढलेलं चित्र स्वतःच तपासायची. भाग झाकला जात असेल, तर वरचं आवरण कापून दाखवायची. आपल्या शाळेतल्या बाई हेच तर सांगायच्या!

सरळ रेघेचं गुपित

मग आम्ही दुसरा मार्ग धरला. फेब्रुवारी २०००मध्ये ‘एन्डेव्हर’ यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीवरच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. ती आकडेवारी आज फुकट मिळते, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. नकाशावर विवराच्या आरपार एक रेघ ओढली आणि छेद आपोआप तयार! दर तीस मीटरला एक, म्हणजे विवराच्या रुंदीत साठेक मोजमापं.

आणि आम्ही उडालोच. विहीर कुठली, ही तर परात! रुंदी खोलीच्या बारापट. कागदावर १२ सेंटिमीटर रुंदी धरली, तर खोली जेमतेम एक सेंटिमीटर. घरी काढून बघा.

पण मधोमध एक सपाट रेघ. तिथे तळं आहे आणि रडारला पाण्याखालचं दिसत नाही. सॉफ्टवेअरने तिथे काही रचलं नाही, गप्प बसलं. खालचं कळलं ते खोदकामातून. तळ्याखाली सुमारे शंभर मीटर गाळ आणि त्याच्याही खाली चुरा झालेला खडक. म्हणजे मूळ खड्डा दिसतो त्याहून बराच खोल होता. आणि तो दगड? आदळतानाच त्याचा बहुतेक भाग वितळून, वाफ होऊन, चक्काचूर होऊन गेला.

प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री अडीच वाजता आपण सगळेच अशी चित्रं स्लाइडवर चिकटवतो. बॉस खूश, क्लायंट खूश. पण चकचकीत चित्रावर माणूस मजकुरापेक्षा पटकन विश्वास ठेवतो. म्हणून चिकटवण्याआधी एकच प्रश्न विचारा, यातली कुठली रेघ मोजलेली आहे आणि कुठली रचलेली?

निघताना मित्राने आमच्या छेदाचं प्रिंटआउट मागून घेतलं. सपाट रेघेखाली पेनाने एक तुटक रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, ‘हे खोदून कळलं.’

पैकीच्या पैकी मार्क!