ग्रँड ओल ऑप्रीमधील पाहुणे कलाकार

ग्रँड ओल ऑप्री हा अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथून प्रसारित होणारा संगीत व विनोदाचा नभोवाणी कार्यक्रम आहे. डब्ल्यूएसएम या केंद्रावर २८ नोव्हेंबर १९२५ रोजी त्याची सुरुवात झाली. दक्षिणेकडील ग्रामीण लोकगीतांतून विकसित झालेले कंट्री संगीत हा त्याचा गाभा आहे. नियमित कलाकारांबरोबर येथे पाहुण्या कलाकारांनाही गाण्याची संधी मिळते. कंट्री संगीतात कोणाला स्थान द्यावे, हा वाद अनेकदा या पाहुण्यांच्या निमित्ताने पुढे आला.

सदस्य आणि पाहुणे

ऑप्रीचे सदस्यत्व केवळ निमंत्रणाने मिळते आणि सदस्यांकडून कार्यक्रमात वारंवार हजेरी लावण्याची अपेक्षा असते. पाहुण्या कलाकाराला मात्र एखाद्या प्रयोगापुरतेच बोलावले जाते. त्यामुळे नव्या गायकाची पारख करणे व्यवस्थापनाला सोपे जात असे. हँक विल्यम्स ११ जून १९४९ रोजी प्रथम पाहुणे म्हणून गायले. श्रोत्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा गायला लावले आणि लवकरच ते नियमित कलाकार झाले. मद्यपान व गैरहजेरी यांमुळे १९५२ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले.

शैलीविषयक वाद

ऑप्रीच्या रंगमंचावर ड्रमवादन दीर्घकाळ निषिद्ध मानले जात असे. १९४४ मध्ये पाहुणे म्हणून आलेल्या बॉब विल्स यांनी आपल्या वाद्यवृंदातील ड्रमवादकासह वादन करण्याचा आग्रह धरला.

एल्व्हिस प्रेस्ली यांनी २ ऑक्टोबर १९५४ रोजी रायमन सभागृहात ऑप्रीतील आपला एकमेव कार्यक्रम केला. बिल मन्रो यांच्या 'ब्लू मून ऑफ केंटकी' या गीताचे त्यांनी सादर केलेले वेगवान रूप श्रोत्यांना फारसे रुचले नाही. त्याच महिन्यात ते श्रीव्हपोर्ट येथील 'लुईझियाना हेराइड' या प्रतिस्पर्धी कार्यक्रमात गायले व पुढे तेथील नियमित कलाकार झाले.

मार्च १९६८ मध्ये आलेल्या 'द बर्ड्स' या रॉक संगीतसमूहाची श्रोत्यांनी हेटाळणी केली. गायक ग्रॅम पार्सन्स यांनी ठरलेले गीत ऐनवेळी बदलल्याने आयोजकही नाराज झाले.

कृष्णवर्णीय कलाकार

कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली हे ऑप्रीच्या आरंभीच्या लोकप्रिय कलाकारांपैकी एक होते; १९४१ मध्ये त्यांना वगळण्यात आले. त्यानंतर पाव शतकाने, जानेवारी १९६७ मध्ये, चार्ली प्राइड पाहुणे म्हणून गायले. त्यांनी १९९३ मध्ये सदस्यत्व स्वीकारले. १९६९ मध्ये लिंडा मार्टेल आणि १९७४ मध्ये 'पॉइंटर सिस्टर्स' हा समूह या रंगमंचावर आला.

सदस्य पोर्टर वॅगनर यांच्या निमंत्रणावरून १० मार्च १९७९ रोजी सोल संगीताचे गायक जेम्स ब्राउन यांनी येथे गायन केले. त्यांचे संगीत कंट्री परंपरेतील नसल्याचे सांगत काही सदस्यांनी या निमंत्रणास उघड विरोध केला.

महत्त्व

श्रोत्यांचा थंड प्रतिसाद किंवा सदस्यांचा विरोध हा अंतिम निर्णय ठरला नाही. ऑप्रीत न रुजलेले प्रेस्ली पुढे जगप्रसिद्ध झाले. 'द बर्ड्स'चा १९६८ मधील 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा संग्रह कंट्री-रॉक शैलीतील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींत गणला जातो, तर ड्रम हे वाद्य कालांतराने ऑप्रीच्या वाद्यवृंदाचाच भाग बनले.