आपद्धर्माची मर्यादा
‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत (२०१०–२०२२) चालत्या प्रेतांनी जग व्यापलेले आहे. आश्रय मागणाऱ्यास तीत तीन प्रश्न विचारले जातात : प्रेते किती मारलीस, माणसे किती मारलीस, आणि का? चाहत्यांचा सारा वाद या शेवटच्या प्रश्नाभोवती फिरतो. आपल्याकडे तो ‘आपद्धर्म’ या नावाने जुनाच आहे.

शांतिपर्वात, बारा वर्षांच्या अवर्षणात क्षुधाकुल विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. मौज अशी की, तेथे धर्माची बाजू चांडाळ मांडतो. जगलो तर धर्म आचरीन, हे ऋषीचे उत्तर! मालिकेचे पुष्कळ चाहते नकळत याच पक्षाचे होत.

छांदोग्योपनिषदातील उषस्ति चाक्रायण मला अधिक सूक्ष्म वाटतो. तो दुसऱ्याचे उष्टे धान्य खातो, परंतु उष्टे पाणी नाकारतो. धान्यावाचून प्राण गेला असता. पाणी अन्यत्र मिळते. आपत्ती जेवढी, सवलत तेवढीच.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. नामदेवांवर त्या वेळी दुष्काळ ओढवला नव्हता, हा आक्षेप रास्तच. तथापि अन्नाचा वाटेकरी कोण, हा प्रश्न विश्वामित्राच्या युक्तिवादात कोठेच येत नाही. मालिकेतील कुंपणाच्या दारापाशी मात्र तोच पुनःपुन्हा उभा राहतो.