कंबरदुखी, तरावीह आणि सवलत

तरावीहच्या वीस रकाती म्हणजे २० रुकू आणि ४० सजदे. निरोगी रोजेदाराचे शरीर ते सहज पेलते. पण मणक्यातील गादी सरकलेल्या माणसाला पाचव्या-सहाव्या रकातीतच कंबरेतून पोटरीपर्यंत कळ जाते. मशिदीत खुर्ची ठेवलेली असते, पण ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने तो तिच्याकडे पाहत नाही.

‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो, पण ती जागची हलत नाही. दोन मणक्यांमधील चकतीचे बाहेरचे कडे फाटते, आतला मऊ गर फुगून बाहेर येतो आणि शेजारची नस दाबली जाते. पायात उतरणाऱ्या या वेदनेला डॉक्टर सायटिका म्हणतात, तर युनानी हकीम अर्कुन्निसा. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे होतात. मात्र त्या काळात कंबरेवर वारंवार ताण येता कामा नये.

इस्लामने हा विचार आधीच केला आहे. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजबद्दल विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की उभ्याने जमत नसेल तर बसून आणि बसूनही जमत नसेल तर कुशीवर नमाज अदा करावी. ही हदीस सहीह बुखारीत आहे. बसून नमाज पढताना रुकूसाठी थोडे आणि सजद्यासाठी त्याहून थोडे अधिक झुकले की पुरे.

सहेरीच्या वेळी विशेष जपावे. रात्रभर आडवे राहिल्याने चकती पाणी शोषून फुगलेली असते. अशा वेळी वाकून पाण्याची कळशी किंवा जड पातेले उचलणे धोक्याचे. घरात सर्वांत आधी उठणाऱ्या बायांना हे सांगायलाच हवे. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांच्या आधाराने उठावे. इफ्तारची भजी तळताना ओट्यापाशी तासभर एकाच जागी उभे राहू नये, मधूनमधून चार पावले चालावे. इफ्तार ते सहेरी भरपूर पाणी प्यावे, फळे व भाज्या खाव्यात. बद्धकोष्ठतेमुळे कुंथावे लागले की चकतीवरचा दाब वाढतो.

वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये. तिची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. दिवसा औषध घेणे अटळ असेल तर कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजाऱ्याला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा आहे. बरे होण्याची आशाच नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजेच फिदिया, द्यावा.

लघवी अडणे किंवा तिच्यावर ताबा न राहणे, जांघेत बधिरता येणे, पायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच घटकेला इस्पितळ गाठावे. ‘ईद होऊ दे, मग बघू’ म्हटल्यास नसेची हानी कायमची राहू शकते.

आजारी माणूस निरोगी असताना जी इबादत करत असे, तिचा सवाब आजारपणातही त्याच्या नावे लिहिला जातो, असे हदीस सांगते. मग खुर्चीवर बसणाऱ्याने संकोच कशाला करावा? आणि शेजारच्यानेही त्याच्याकडे वळून का पाहावे?